मॉरिशसमध्ये फिरायचं कसं? (आणि 'तिकीट' या शब्दाने मला कसं फसवलं)

मागच्या महिन्यात मामेभावाचा मेसेज आला. लग्न झालंय, मॉरिशसला जायचंय. "ताई, तू तर तिकडची पीएच.डी. करतेयस. फिरायला गाडी भाड्याने घेऊ की टॅक्सी सांगू? बसने जमतं का?"

घरात माझी ओळख आता 'मॉरिशसवाली' अशीच आहे. माझा विषय एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या मलेरियाच्या साथीचा आहे हे चारदा सांगून झालंय, पण समुद्रकिनाऱ्यासमोर मलेरिया कोण ऐकणार! मी त्याला दहा ओळींचं उत्तर पाठवलं. मग लक्षात आलं, की 'या बेटावर फिरायचं कसं' हाच प्रश्न गेली अडीच वर्षं मला छळतोय. त्याच्या नादात माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं. संशोधनाकडे वळायच्या तयारीत असलेल्यांना ती चूक उपयोगी पडेल, म्हणून हा लेख. माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालंय. इतिहासात मी बाहेरून आले, आणि माझी चूकही बाहेरून आलेल्या माणसाचीच आहे.

आधी उपयोगाचं

भावाला जे सांगितलं ते आधी थोडक्यात. मॉरिशसचं मुख्य बेट उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५ किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढं. विमानतळ आग्नेय कोपऱ्यात, माहेबुर गावाजवळ. राजधानी पोर्ट लुई वायव्येला. बरीचशी हॉटेलं किनाऱ्यावर. मधोमध थंड, पावसाळी पठार आहे. क्युरपीप, वाकवा, काट्र बोर्न, रोझ हिल ही दाट वस्तीची गावं या पठारावर आणि तिथून राजधानीकडे उतरणाऱ्या चढावर आहेत.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याची गाडी आपल्याला सोपी जाते. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवून घ्यावं. बस स्वस्त आहे आणि जवळपास सगळीकडे जाते. कंडक्टर येऊन कागदी तिकीट देतो. पण शहरी भागात रात्री आठच्या सुमारास आणि खेड्यांकडे संध्याकाळी साडेसहाच्या आसपासच बस संपतात. २०१९ पासून मेट्रोही आहे. रस्त्यालगत धावणारी, ट्रामसारखी. आजच्या घडीला ती ना विमानतळाला जाते, ना कुठल्या हॉटेलवाल्या किनाऱ्याला. ती पोर्ट लुईहून पठारावर क्युरपीपपर्यंत चढते, आणि एक फाटा रोझ हिलहून विद्यापीठाकडे जातो.

नकाशा समोर ठेवून बघा, एक गोष्ट खटकेल. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर बसने जायचं तर बहुतेक वेळा आधी पोर्ट लुईला किंवा क्युरपीपला जाऊन गाडी बदलावी लागते. पर्यटकाला हवंय किनाऱ्या-किनाऱ्याने फिरणं, आणि सगळ्या वाटा मात्र त्याला बंदराकडे नाहीतर पठाराकडे ओढतात. त्याला वाटतं, नियोजन गंडलेलं आहे. नियोजन अगदी चोख होतं, फक्त ते त्याच्यासाठी केलेलं नव्हतं. मग ते कुणासाठी केलं होतं? इथून इतिहास सुरू होतो.

साखरेची रेल्वे

मॉरिशसमध्ये शंभर वर्षं रेल्वे होती, हे तिथे फिरायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. १८६४ मध्ये उत्तर मार्ग सुरू झाला, पोर्ट लुईहून बेटाच्या उत्तर भागाला वळसा घालून पूर्वेच्या फ्लाकपर्यंत. १८६५ मध्ये मध्य मार्ग सुरू झाला, पोर्ट लुईहून चढत क्युरपीप आणि तिथून उतरत माहेबुर. पुढच्या चार दशकांत आणखी फाटे फुटले. रेल्वे सरकारी होती आणि तिचं मुख्य काम एकच, मळ्यांवरची साखर बंदरावर आणणं. म्हणून सगळे रूळ पोर्ट लुईला येऊन मिळत. एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर साखर न्यायची नव्हतीच, मग तशी वाट कोण बांधेल?

ती साखर पिकवणारे हात भारतातून आलेले होते. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर कराराने या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर जिथे त्यांना उतरवून घेत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथल्या सोळा पायऱ्या चढून ही माणसं बेटावर आली. बहुतेक जण कलकत्ता बंदरातून आलेले, काही मद्रासहून आणि काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातले लोक बरेच होते. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकता येते, ती त्यांच्यामुळे.

माझा सुंदर आलेख

आता माझ्या चुकीकडे येते. १८६६ ते १८६८ या काळात मॉरिशसमध्ये मलेरियाची भयंकर साथ आली. १८६७ हे सगळ्यांत वाईट वर्ष. एकट्या पोर्ट लुईत हजारो माणसं गेली. ताप डासामुळे येतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. खालची दमट हवा दूषित आणि वरची थंड हवा चांगली, एवढीच समजूत. कारण चुकीचं होतं, पण उपाय योगायोगाने बरोबर ठरला, कारण पठारावरच्या थंडाव्यात मलेरियाचे डास कमी होते. ज्यांना शक्य होतं ते पोर्ट लुई सोडून वर राहायला गेले. साधारण ५५० मीटर उंचीवरचं क्युरपीप हे त्याआधी लहानसं गाव होतं, ते बघता बघता शहर झालं. आणि हे शक्य झालं रेल्वेमुळे. सकाळच्या गाडीने खाली कचेरीत, संध्याकाळी वर थंड हवेत. साथीच्या जेमतेम वर्षभर आधी मध्य मार्ग सुरू झालेला होता!

संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला आणखी काय हवं? मी प्रत्येक वस्तीचं जवळच्या स्टेशनपासूनचं अंतर मोजलं, शेजारी लोकसंख्येतला बदल मांडला. स्टेशन जवळ असलेली पठारावरची गावं वाढली, खालच्या वस्त्या ओसरल्या. आलेख इतका सुंदर आला की मी तो मोबाईलच्या वॉलपेपरला लावला होता. खरंच. प्रकरणाचं नाव ठेवलं, 'रेल्वे : साथीतून सुटकेची वाट'.

त्या काळात मी १८७२ च्या रॉयल कमिशनचा अहवालही वाचत होते. मजुरांच्या तक्रारींची चौकशी करायला लंडनहून आलेलं हे कमिशन, त्याचा अहवाल १८७५ चा. त्यात पुन्हा पुन्हा येत होतं, अमुक मजूर तिकिटाशिवाय सापडला, पोलिसांनी धरला, दंड झाला. मी वहीत रकाना केला, 'विनातिकीट'. आपल्याकडे लोकलमध्ये टी.सी. धरतो ना, तसंच काहीतरी असेल असं मी गृहीत धरलं. उलट मला आनंदच झाला, की मजूरसुद्धा मोठ्या संख्येने रेल्वे वापरत होते, फक्त पैसे नव्हते म्हणून फुकट जात होते! हे वाक्य मी प्रकरणात लिहिलंसुद्धा.

गाईड मॅडमनी मसुदा परत दिला तेव्हा त्या वाक्याखाली पेन्सिलने तीन शब्द होते, "कोणतं तिकीट, बाई?"

दोन तिकिटं

ते रेल्वेचं तिकीट नव्हतं. कराराची वर्षं पूर्ण केलेल्या मजुराला 'जुना आप्रवासी' म्हणत. करार संपला म्हणजे तो मोकळा व्हायला हवा. पण त्याने स्वतःची ओळख सिद्ध करणारा सरकारी कागद कायम जवळ बाळगायचा असे. त्या कागदाचं नाव तिकीट. १८६७ च्या मजूर कायद्याने, म्हणजे गव्हर्नर सर हेन्री बार्कली यांच्या काळात, हा फास आणखी आवळला गेला. तिकिटावर फोटो आला. त्याशिवाय आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो, काय काम करतो याचा पोलिसांकडचा पास घ्यायचा. जिल्ह्याबाहेर तो नसताना दिसलात तर तुम्ही भटके, आणि भटकेपणा हा गुन्हा. दंड किंवा तुरुंग. कागद हरवला, तर नवा काढायला पुन्हा पैसे आणि पुन्हा कचेरीच्या खेपा.

जगात पोलिसांच्या हातात फोटो नुकता कुठे येत होता, त्या काळात या बेटावर सामान्य मजुराचा फोटो काढून त्याच्या फिरण्यावर नजर ठेवली जात होती. त्यातले कितीतरी फोटो आणि नोंदवह्या आज मोकाच्या महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात आहेत. तिथल्या एका नोंदवहीवर मी बराच वेळ बसून होते. प्रत्येक पानावर नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा. खुणांच्या रकान्यात कुणाच्या कपाळावर व्रण, कुणाच्या हातावर गोंदण. एखादा माणूस हरवला तर शोधता यावा म्हणून आपण जे लिहितो, ते इथे माणूस पळाला तर धरता यावा म्हणून लिहिलेलं होतं.

म्हणजे बघा, एकाच शब्दाचे दोन कागद एकाच वेळी एकाच बेटावर चालत होते. एक तिकीट खिशात असलं की माणूस पोर्ट लुईहून क्युरपीपला जाऊ शकत होता. दुसरं तिकीट खिशात नसलं की तो आपल्या वस्तीबाहेरही जाऊ शकत नव्हता. आणि मी दोन्ही एकाच रकान्यात भरली होती.

करार चालू असलेल्या मजुराची गोष्ट तर याहून बिकट. सुरुवातीचा पगार महिन्याला पाच रुपये. परवानगीशिवाय एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापला जाई. याला 'दुहेरी कपात' असंच नाव होतं. आता हिशोब करा. मालकाने पगार थकवला म्हणून तुम्ही तक्रार करायला तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याकडे गेलात. जायचा-यायचा एक दिवस गेला. परवानगी तर ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याकडूनच घ्यायची. ती मिळाली नाही, तर दोन दिवसांचा पगार गेला. तारखेला पुन्हा जावं लागलं, आणखी दोन दिवसांचा गेला. अशा माणसाला स्टेशन एक मैलावर आहे की दहा मैलांवर, याने काय फरक पडतो? त्याच्यासाठी रेल्वेवर बंदी घालायची गरजच नव्हती.

चार वर्षांत काय काय झालं

प्रकरण नव्याने लिहायला बसले तेव्हा मी आलेख बाजूला ठेवला आणि नुसत्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. १८६४, उत्तर रेल्वे. १८६५, मध्य रेल्वे. १८६६, साथीची सुरुवात. १८६७, साथीचा कळस आणि पासचा कायदा.

चारच वर्षं! याच काळात या बेटावर फिरणं कधी नव्हे इतकं सोपं झालं, आणि याच काळात बेटावरच्या बहुसंख्य प्रौढांसाठी फिरणं कधी नव्हे इतकं अवघड केलं गेलं. साथ आली तेव्हा वरच्या वर्गाने जीव वाचवला तो जागा बदलून. त्याच साथीत मजूर कामाच्या शोधात किंवा तापाच्या भीतीने इकडचा तिकडे गेला, तर त्याला भटका म्हणून धरलं जात होतं. जाणं तेच, कारणही तेच, पण एकाला त्याचं घर मिळालं आणि दुसऱ्याला कोठडी.

हे मी आज शोधून काढलेलं नाही. तेव्हाच्या माणसांनाच ते कळत होतं. १८७१ मध्ये आडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या, मूळ युरोपातल्या आणि स्वतः मळ्याचा कारभार बघणाऱ्या गृहस्थाने जुन्या आप्रवाशांचा एक अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ सह्या-अंगठे होते. अर्जातल्या तक्रारींचा मोठा भाग तिकीट, पास आणि पोलिसांची धरपकड याबद्दलच होता. द प्लेविट्झ यांना त्यासाठी भर रस्त्यात मार खावा लागला. पण याच अर्जामुळे १८७२ मध्ये कमिशन आलं, अहवाल झाला आणि १८७८ मध्ये मजूर कायदा बदलला. सगळं सुधारलं असं नाही, पण तो फास सैल झाला.

संशोधनाच्या दृष्टीने एक गोष्ट इथे नोंदवा. ज्यांच्या फिरण्यावर बंदी होती, त्या माणसांच्या सह्या गोळा करायला कुणीतरी गावोगाव फिरलंच असणार. नऊ हजार सह्या घरी बसून मिळत नाहीत. म्हणजे पासची व्यवस्था होती, तशा तिच्यातल्या फटीही होत्या. बंदी कागदावर दिसते, फटी शोधाव्या लागतात. माझं नवं प्रकरण आता या फटींबद्दल आहे.

रॉस यांचा 'पी'

विज्ञानातून येणाऱ्यांसाठी एक तुकडा मुद्दाम लिहिते. डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी सिकंदराबादेत शोधून काढणारे रोनाल्ड रॉस, नोबेल मिळाल्यानंतर, १९०७-०८ मध्ये मॉरिशसला आले होते. १९०८ च्या त्यांच्या मॉरिशस अहवालात त्यांनी मलेरियाच्या प्रसाराचं गणित मांडलं. साथरोगाचं जे गणित आपण आज शिकतो, त्याचा एक उगम तिथे आहे. सगळे डास मारायची गरज नाही, त्यांची संख्या एका मर्यादेखाली नेली तरी रोग हळूहळू ओसरतो, हे त्यातून निघतं. मी या विषयात आले ती याच गणितावर फिदा होऊन.

त्या गणितात लोकसंख्येसाठी एक अक्षर आहे, पी. फक्त एक. साधी गणिती रूपं हीच सोय घेतात, सगळी माणसं सारखी धरतात, जणू कोणीही कोणाहीजवळ जाऊ शकतो. सुरुवात करायला ही सोय लागतेच, मी रॉसना नावं ठेवत नाही. पण १८६७ च्या मॉरिशसमध्ये एक 'पी' नव्हताच. रेल्वेने रोज पंचवीस किलोमीटर जा-ये करणारा 'पी' वेगळा आणि पास नसताना जिल्ह्याची हद्द ओलांडू न शकणारा 'पी' वेगळा. माझ्या आलेखात मी दोघांची सरासरी काढली होती, आणि त्या सरासरीसारखा एकही माणूस त्या बेटावर राहत नव्हता.

तुमच्या विषयात असा 'पी' कुठला आहे, हे विदा हातात घेण्याआधी विचारून बघा. आधी म्हणजे आधी. नंतर विचारलं तर आलेख आधीच वॉलपेपरवर गेलेला असतो.

पाहुणा काय बघतो

त्या रेल्वेने फिरलेला सगळ्यांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे मार्क ट्वेन. मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत भारत पालथा घालून ते एप्रिल १८९६ मध्ये मॉरिशसला पोचले. पोर्ट लुईहून रेल्वेने क्युरपीपला गेले. अंतर सोळा मैल आणि वेळ दोन तास, असं त्यांनी नोंदवलंय. चढ तसा होता म्हणा!

पर्यटनाच्या जाहिरातीत त्यांचं एक वाक्य हमखास असतं, आधी हे बेट घडवलं आणि मग त्याच्यावरून स्वर्ग, अशा अर्थाचं. मूळ पुस्तक उघडून बघा. ट्वेन हे स्वतः म्हणत नाहीत. बेटावरचा माणूस असं म्हणतो असं ते सांगतात, आणि पुढे दुसरा रहिवासी ही अतिशयोक्ती आहे म्हणतो हेही सांगतात. सव्वाशे वर्षं एक चिमटा कौतुक म्हणून छापला जातोय. मूळ पान स्वतः बघितल्याशिवाय कुणाचंही वाक्य उद्धृत करायचं नाही, हा धडा मला इतर कुठल्याही उदाहरणाने इतका पक्का शिकवला नसता.

प्रवासवर्णन हे वाहतुकीच्या इतिहासाचं छान साधन आहे, पण ते खिडकीतून लिहिलेलं असतं. पाहुण्याला गाडी किती वेळ घेते ते कळतं. त्या गाडीत कोण नाही, हे कळायला नोंदवहीच लागते.

रेल्वे गेली, शब्द राहिला

विसाव्या शतकात मोटारी, ट्रक, बस आल्या आणि रेल्वे तोट्यात गेली. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, १९६४ मध्ये मालगाड्याही. रूळ उखडले गेले.

मी क्युरपीपला पहिल्यांदा गेले तेव्हा परतीच्या बसबद्दल एका आजींना विचारलं. माझी हिंदी, त्यांची भोजपुरी, मध्ये क्रिओल. त्या म्हणाल्या, "लागार"ला जा. मला तोडकंमोडकं फ्रेंच येतं. 'गार' म्हणजे रेल्वे स्टेशन. मला वाटलं, आजी मला मेट्रोकडे पाठवताहेत. पोचले ती बसस्टँडवर! तिथे बसस्टँडलाच स्टेशन म्हणतात. पोर्ट लुईतसुद्धा तसंच. उत्तरेच्या बस इमिग्रेशन चौकातून सुटतात, आप्रवासी घाटाच्या अगदी जवळून, आणि दक्षिणेच्या बस व्हिक्टोरिया चौकातून. रेल्वे संपून साठ-सत्तर वर्षं झाली, पण तिचा शब्द आणि तिची दिशा बसने तशीच उचलली. भावाला किनाऱ्या-किनाऱ्याने जाणारी बस का मिळत नाही, याचं उत्तर आजींच्या त्या एका शब्दात होतं.

त्या आजी स्वतः फुकट प्रवास करत होत्या. २००५ पासून तिथे ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना बसचं भाडं नाही. कार्ड दाखवलं की झालं. कार्डावर अर्थातच फोटो असतो. नोंदवह्या वाचून आलेल्या मला तो फोटो बघून उगाच थबकायला झालं. फोटोवाला कागद तोच, पण तेव्हा तो अडवायला होता आणि आता वाट मोकळी करून द्यायला आहे.

जुन्याच वाटेवर मेट्रो

आता मेट्रो. भारताच्या आर्थिक मदतीतून आणि आपल्या मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या हातून ती झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिला टप्पा, रोझ हिल ते पोर्ट लुई. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती क्युरपीपला पोचली. अंतर सुमारे २६ किलोमीटर, म्हणजे ट्वेन यांचे ते सोळा मैल! दोन तासांची चाळीसेक मिनिटं झाली. बराचसा मार्ग जुन्या मध्य रेल्वेच्याच पट्ट्यावरून जातो.

पण रेल्वे गेल्यावर तो पट्टा काही रिकामा राहिला नव्हता. कुठे त्यावर झाडं लावून फिरायची जागा केली होती, कुठे लोक पिढ्यान्‌पिढ्या घरं बांधून राहिले होते. २०१७ मध्ये ला ब्यूत आणि बार्कली या वस्त्यांतल्या घरांवर यंत्रं चालली, तेव्हा मोठा वाद झाला. मेट्रो नको होती असं मी म्हणत नाही. गर्दीच्या वेळी त्या रस्त्यावर बसमध्ये अडकलेल्या कुणालाही ती हवीच आहे. मी स्वतः रोज संग्रहालयात जायला तिचाच आधार घेतला. एवढंच म्हणतेय, की 'नवी वाट कुणासाठी' हा १८६५ चा प्रश्न २०१७ मध्येही जागेवरच होता. आणि माझ्यासारख्या पाहुणीला तो खिडकीतून दिसत नाही.

तर मग

भावाने गाडी भाड्याने घेतली. टूरवाल्यांनी त्याला 'उत्तर टूर' आणि 'दक्षिण टूर' अशी दोन दिवसांची आखणी दिली होती. मला क्षणभर वाटलं, अरे, हे तर उत्तर मार्ग आणि मध्य मार्ग! मग स्वतःलाच थांबवलं. पुरावा नाही. बेट लहान आहे, दोन तुकडे केले की ते असेच होणार. अडीच वर्षांपूर्वी मी यावर एक परिच्छेद ठोकून दिला असता.

तुमच्यासाठी एक छोटा स्वाध्याय. तुमच्या गावाजवळचं एखादं जुनं स्टेशन, एसटी स्टँड किंवा तरीची जागा घ्या. तिथून कुठे जाता येतं याची यादी करू नका, ती सगळेच करतात. तीन प्रश्न लिहा. ही वाट मुळात कशाची ने-आण करायला झाली? ती झाली त्या वर्षी कुणाला त्यावरून जाता येत नव्हतं? आणि ही माणसं कुठल्या कागदावर सापडतील? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांत जास्त वेळ लागेल. लागू द्या.

आणि कागदात ओळखीचा शब्द दिसला, की जरा जास्तच सावध व्हा. अनोळखी शब्दासाठी आपण शब्दकोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही.

पुढच्या लेखात आप्रवाशांच्या नोंदवह्या प्रत्यक्ष कशा वाचायच्या ते सांगेन. बंदराच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं मराठी नाव ओळखणं ही एक वेगळीच कसरत आहे.